हातोडा हाती नसलेला थॉर

गेल्या वर्षी मी एक विनोदी अद्भुतकथा लिहायला घेतली होती आणि ती तिसऱ्या प्रकरणातच माझ्या हातांत गतप्राण झाली. कल्पना मला आजही वाईट वाटत नाही. नॉर्स पुराणकथांमधला थॉर, म्हणजे मेघगर्जनेचा देव, दोन बोकड जुंपलेल्या रथातून प्रवास करतो. रात्री तो तेच बोकड कापून, शिजवून खातो, त्यांची हाडे त्यांच्याच कातड्यांवर टाकायला लावतो आणि पहाटे हातोडा उचलून त्या कातड्यांना पावन करतो, की बोकड पुन्हा उठून उभे राहतात. एकदा एका शेतकऱ्याकडे मुक्काम असताना त्या घरच्या थ्याल्फी नावाच्या मुलाने नळीतली मज्जा मिळावी म्हणून मांडीचे हाड सुरीने फोडले आणि सकाळी उठलेल्या बोकडांपैकी एक लंगडू लागला. भरपाई म्हणून थ्याल्फी आणि त्याची बहीण रॉस्क्वा यांना थॉरच्या चाकरीत जावे लागले, आणि बोकडांना तिथेच ठेवून मंडळी पुढच्या प्रवासाला निघून गेली. त्या लंगड्या पायावर उपाय शोधायला निघालेली मोहीम अशी माझी कथा होती.

तिच्यात सगळे काही होते. बर्फाळ डोंगर होते, हुज्जत घालणारे बुटके लोहार होते, तिरकस बोलणारा लोकी हा कपटी देव होता. तरीही प्रत्येक प्रसंग एकाच पद्धतीने संपत होता: अडचण समोर येई, थॉर हातोडा उगारी, अडचण नाहीशी होई. मग त्या प्रसंगात विनोद उरत नसल्यामुळे मी तो पात्रांच्या तोंडी घालत असे, आणि पाने भरतील इतके चुरचुरीत संवाद लिहूनही हसू मात्र येत नसे. हस्तलिखित वाचणाऱ्या एका मैत्रिणीने सौम्यपणे विचारले, "यातले सगळेच जण विनोदी आहेत का?" त्या प्रश्नानंतर मी ती वही बंद केली आणि मूळ कथांकडे परत गेलो.

या कथा आपल्यापर्यंत प्रामुख्याने दोन वाटांनी आल्या आहेत. एक म्हणजे 1270 च्या दशकात आइसलंडमध्ये लिहिलेली, आज 45 पाने उरलेली एक लहानशी चामड्याची पोथी, जिच्यात देवांची आणि वीरांची जुनी कवने आहेत. दुसरी म्हणजे 1220 च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या राजकारणी विद्वानाने रचलेली गद्य 'एडा'. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि त्याच्या देशाने धर्मांतर करून दोनशे वर्षे उलटली होती. तरीही कवींना जुन्या देवांचे संदर्भ कळले पाहिजेत या व्यावहारिक चिंतेपोटी त्याने या गोष्टी नीट मांडून ठेवल्या. त्याला विनोदाचे जे अंग होते, ते बहुधा असल्या व्यावहारिक माणसांनाच असते.

दुसऱ्यांदा वाचताना मला जी गोष्ट दिसली ती इतकी उघड होती की पहिल्यांदा ती कशी निसटली याचेच नवल वाटले. थॉरच्या विनोदी मोहिमांमध्ये निवेदकाचे सगळे कौशल्य एकाच कामी लागलेले असते: हातोडा थॉरच्या हातात असता कामा नये, आणि असलाच तर तो निरुपयोगी ठरला पाहिजे. म्योल्निर नावाचा तो हातोडा कधी नेम चुकत नाही आणि फेकला की परत हातात येतो. असे शस्त्र ज्याच्याकडे आहे त्याची गोष्ट दोन ओळींत संपते, म्हणून गोष्ट सांगणारा ते शस्त्र लपवतो, अडवतो, नाहीतर चुकीच्या ठिकाणी आपटायला लावतो.

याचे सर्वांत निखळ उदाहरण म्हणजे थ्रिमचे कवन. थॉर झोपेतून उठतो तो हातोडा जागेवर नसतो. तो दाढी हलवतो, केस झटकतो आणि आजूबाजूला चाचपत राहतो. विश्वाच्या रक्षणकर्त्याची ही पहिली हालचाल उशाखाली चष्मा शोधणाऱ्या माणसासारखी आहे. लोकी फ्रेया देवीकडून पिसांचा झगा उसना घेऊन योतूनांच्या देशात उडत जातो. 'योतून' या शब्दासाठी मी सोयीपुरता 'राक्षस' हा शब्द वापरतो, पण या राक्षसांचे आणि देवांचे सोयरसंबंध असतात हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा घोटाळा सोयरिकीचाच आहे. तिथे राक्षसांचा राजा थ्रिम एका टेकाडावर बसून कुत्र्यांसाठी सोन्याचे पट्टे वळत असतो आणि घोड्यांची आयाळ सारखी करत असतो. खलनायकाची अशी घरगुती ओळख करून देणाऱ्या त्या अनाम कवीला माझा नमस्कार आहे. थ्रिम शांतपणे सांगतो की हातोडा जमिनीखाली आठ कोसांवर पुरला आहे आणि फ्रेया बायको म्हणून मिळाल्याशिवाय तो परत मिळणार नाही.

लोकी आणि थॉर फ्रेयाकडे येतात आणि तिला म्हणतात की वधूचे वस्त्र नेस, आपल्याला राक्षसांच्या देशात जायचे आहे. ती रागाने इतक्या जोरात फुत्कारते की देवांचा महाल हादरतो आणि तिच्या गळ्यातला प्रसिद्ध ब्रिसिंग हार तुटून पडतो. मग देवांची सभा भरते आणि हाइमडाल हा देव सुचवतो की फ्रेयाऐवजी थॉरलाच नवरी करून पाठवावे: डोक्यावर वधूचे वस्त्र, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गुडघ्यांपर्यंत बायकी पोशाख आणि छातीवर रत्ने. थॉर म्हणतो की देव मला 'आर्ग' म्हणतील. हा शब्द 'नामर्द' एवढ्यावर भागत नाही. आइसलंडच्या 'ग्रागास' या जुन्या कायदेसंग्रहात या जातीच्या शब्दांनी दुसऱ्याचा अपमान करणाऱ्याला ठार मारण्याची मुभा अपमानिताला होती, आणि पुरुषाने स्त्रीवेश घेणे हाच तीन वर्षांच्या हद्दपारीचा गुन्हा होता. म्हणजे त्या काळच्या श्रोत्यासमोर थॉर लाजत नव्हता, तर चक्क कायद्याचा मुद्दा उपस्थित करत होता. लोकी त्याला एका वाक्यात गप्प करतो: हातोडा परत आला नाही तर राक्षस लवकरच आपल्या घरात राहायला येतील.

मेजवानीत ही नवरी एक अख्खा बैल, आठ रावस जातीचे मासे आणि बायकांसाठी वेगळे काढून ठेवलेले सगळे गोडधोड एकटी संपवते आणि वर तीन पिंपे मद्य पिते. थ्रिम म्हणतो की इतका मोठा घास घेणारी वधू मी पाहिली नाही. दासीच्या वेषात शेजारी बसलेला लोकी उत्तरतो की इथे येण्याच्या ओढीने फ्रेयाने आठ रात्री काही खाल्लेले नाही. थ्रिम चुंबनासाठी पदर उचलतो आणि दालनाच्या टोकापर्यंत मागे उडी मारतो, कारण वधूच्या डोळ्यांतून आग बरसत असते. लोकी म्हणतो की आठ रात्री तिला झोपही नाही. प्रश्न साधा, उत्तरही साधे, आणि दोन्हींचा साचा एकच. कवी कुठेही डोळा मारत नाही. शेवटी विवाहविधीसाठी थ्रिम स्वतःच हातोडा आणवून वधूच्या मांडीवर ठेवायला सांगतो. थॉरचे काळीज छातीत हसते. त्यानंतर काय झाले हे सांगायला कवीला जेमतेम दोन-तीन कडवी पुरतात, कारण हातोडा हातात आला आणि गोष्ट संपली.

हे कवन फक्त त्या एका 45 पानी पोथीत शिल्लक आहे. ती पोथी 1662 मध्ये डेन्मार्कच्या राजाला भेट म्हणून गेली आणि स्वतंत्र आइसलंडने बराच काळ पाठपुरावा केल्यावर 21 एप्रिल 1971 रोजी परत आली. विमानाचा भरवसा नको म्हणून तिला युद्धनौकेतून आणले गेले आणि रेक्याविकच्या बंदरावर तिला पाहायला गर्दी लोटली. घरातून गेलेली वस्तू परत आणण्याच्या या मोहिमेत हातोड्याचा उपयोग नव्हता. तिथे संसदेचे ठराव आणि न्यायालयातले खटले लागले.

राक्षसांच्या उटगार्ड या गढीकडे जाणाऱ्या प्रवासात हातोडा थॉरच्या हातात असतो, म्हणून निवेदक दुसरी युक्ती करतो. मंडळी रात्री एका विचित्र रिकाम्या घरात निजतात, भूकंपाने जागी होतात आणि घाबरून बाजूच्या खोलीत सरकतात. सकाळी कळते की भूकंप म्हणजे स्क्रिमीर नावाच्या अवाढव्य राक्षसाचे घोरणे होते, घर हा त्याचा हातमोजा होता आणि बाजूची खोली हा त्या हातमोज्याचा अंगठा होता. पुढच्या रात्री स्क्रिमीरने बांधलेली शिदोरीची गाठ थॉरला सुटत नाही आणि उपाशी थॉर झोपलेल्या राक्षसाच्या डोक्यात हातोडा घालतो. स्क्रिमीर जागा होऊन विचारतो की डोक्यावर पान पडले का. दुसऱ्या घावानंतर तो विचारतो की ओकचे फळ पडले का. तिसऱ्या घावानंतर त्याला वाटते की वर झाडात पक्षी बसले असावेत आणि त्यांनी काहीतरी खाली टाकले असावे. पान, फळ आणि पक्ष्यांची घाण ही चढती भाजणी लिहिताना स्नोरी स्वतः हसला असेल की नाही, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

पुढे उटगार्डच्या गढीत स्पर्धा होतात. लोकी खाण्याच्या शर्यतीत लोगीकडून हरतो, कारण लोकीने फक्त मांस खाल्ले आणि लोगीने मांस, हाडे व काथवटसुद्धा फस्त केली. थ्याल्फी धावण्यात हूगी नावाच्या पोराकडून तीन वेळा हरतो. थॉर एका शिंगातले पेय तीन घोटांत संपवू शकत नाही, एका करड्या मांजराचा जेमतेम एक पंजा जमिनीवरून उचलू शकतो आणि एल्ली नावाच्या म्हातारीशी कुस्ती खेळताना एका गुडघ्यावर येतो. दुसऱ्या दिवशी यजमान, जो स्वतःच स्क्रिमीर होता, सगळे उलगडून सांगतो: लोगी म्हणजे आग, हूगी म्हणजे विचार, शिंगाचे टोक समुद्रात होते आणि थॉरच्या घोटांमुळे ओहोटी लागली, मांजर म्हणजे पृथ्वीला वेढणारा महासर्प आणि म्हातारी म्हणजे वार्धक्य. विशेष म्हणजे लोगी, हूगी आणि एल्ली हे त्या भाषेतले नेहमीचे शब्द आहेत. सर्वांची ओळख खऱ्या नावानेच करून दिली होती आणि तरी पाहुण्यांना कळले नाही. हातोड्याचे घावही राक्षसाच्या डोक्यात बसलेच नव्हते; मध्ये आणून ठेवलेल्या डोंगरात त्यांनी तीन दऱ्या पाडल्या होत्या. हे ऐकून थॉर हातोडा उगारतो तेव्हा समोर यजमान नसतो आणि गढीही नसते, फक्त मोकळे मैदान असते.

हिमिरच्या कवनातली मोहीम तर सरळसरळ स्वयंपाकघरातली आहे. देवांना समुद्रराक्षस एजिरकडे मेजवानी हवी आहे, आणि या बिनबोलावलेल्या पाहुण्यांना वैतागलेला एजिर म्हणतो की सर्वांना पुरेल इतके मद्य गाळण्याएवढा मोठा हंडा आणा, मग पाहू. टीर हा देव सांगतो की माझ्या वडिलांकडे, म्हणजे हिमिर राक्षसाकडे, कोसभर खोल हंडा आहे. तिथे पोचल्यावर रात्रीच्या जेवणासाठी कापलेल्या तीन बैलांपैकी दोन थॉर एकटा खातो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी यजमानाला पाहुण्याबरोबर मासेमारीला जावे लागते. जगप्रसिद्ध प्रसंगाचे कारण इतके क्षुल्लक आहे. आमिष म्हणून थॉर बैलाचे मुंडके लावतो आणि गळाला महासर्प लागतो. स्नोरीच्या आवृत्तीत थॉर इतका जोर लावतो की त्याचे पाय होडीच्या तळातून आरपार जाऊन समुद्राच्या तळाला टेकतात, आणि तो हातोडा उगारतो त्याच क्षणी घाबरलेला हिमिर दोर कापून टाकतो. स्वीडनमधल्या आल्टुना येथील रूनशिळेवर, म्हणजे जुन्या रून लिपीतला लेख असलेल्या दगडावर, हा प्रसंग कोरलेला आहे आणि होडीच्या तळातून बाहेर आलेला थॉरचा पाय तिथे स्पष्ट दिसतो. ती शिळा स्नोरीच्या आधीची असल्यामुळे हा विनोदी तपशील त्याने मनाने घातला, असे म्हणता येत नाही.

हंडा उचलताना थॉर तो डोक्यावर उपडा घेतो आणि हंड्याच्या कड्या त्याच्या टाचांवर खणखणत राहतात. मागून राक्षसांची फौज येते, थॉर हंडा खाली ठेवतो, म्योल्निर फिरवतो आणि एका कडव्यात फौज संपते. हंड्याची कथा कितीतरी कडवी चालली होती. कवीला काय महत्त्वाचे वाटत होते ते यावरून दिसते.

हारबार्डच्या कवनात हातोडा आणि लक्ष्य यांच्यामध्ये फक्त पाणी आहे. थॉर खाडीच्या एका काठावर उभा राहून नावाड्याला हाका मारतो, पाठीवरच्या टोपलीतले उत्तम जेवण देऊ करतो आणि आपण सकाळी हेरिंग मासे आणि 'हाफ्रा' खाल्ल्याचे सांगतो. या शब्दाचा अर्थ ओट धान्य की बोकड यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या लंगड्या बोकडाच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. हारबार्ड असे नाव सांगणारा हा नावाडी म्हणजे वेष पालटलेला ओडिन, थॉरचा बापच, आणि तो मुलाला नावेत न घेता नुसते टोमणे मारत राहतो. शेवटी थॉर लांबच्या वाटेने पायी निघतो.

आणि हातोडा स्वतःच सदोष आहे हेही या कथा लपवत नाहीत. तो बनत असताना माशीच्या रूपातल्या लोकीने भाता चालवणाऱ्या ब्रोक या बुटक्याच्या पापणीला चावा घेतला, डोळ्यात रक्त आल्याने ब्रोकने क्षणभर हात सोडला आणि दांडा आखूड राहिला. हे काम लोकी आणि ब्रोक यांच्यातल्या पैजेपोटी चालले होते, आणि त्या पैजेत लोकीने स्वतःचे डोके लावले होते. हरल्यावर त्याने युक्तिवाद केला की डोके तुझे आहे, पण मानेवर तुझा हक्क नाही. ब्रोकला तो युक्तिवाद मान्य करावा लागला आणि मग त्याने, डोके आपलेच आहे म्हणून, लोकीचे ओठ शिवून टाकले.

माझ्या पात्रांना जे जमत नव्हते ते हेच होते. या कथांमध्ये कोणीही विनोद करत नाही. सगळे जण वाटाघाटी करतात, अटी घालतात, शब्दाला शब्द जोखतात. फेनरिर लांडग्याला बांधायची दोरी मांजरीच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी यांपासून केलेली असते, आणि ही यादी स्नोरी दुकानदाराच्या निर्विकारपणे देतो. तारण म्हणून टीर आपला हात लांडग्याच्या जबड्यात ठेवतो, लांडगा अडकतो, आणि स्नोरी लिहितो की तेव्हा टीर सोडून सगळे हसले; त्याने आपला हात गमावला. त्या वाक्यात एक शब्दही जास्त नाही.

असाच कोरडेपणा 2014 मध्ये डेन्मार्कच्या लोलांड बेटावर कोबेलेव्ह येथे जमिनीतून वर आला. थॉरच्या हातोड्याच्या आकाराची ताईतासारखी लटकने उत्तर युरोपात मोठ्या संख्येने सापडली आहेत, परंतु दहाव्या शतकातल्या या लटकनावर रून लिपीत अक्षरेही कोरलेली होती, आणि ती वाचल्यावर अर्थ निघाला: 'हा हातोडा आहे'. कोरणाऱ्याने 'हामार' या शब्दातला एक स्वर गाळला होता. शुद्धलेखन चुकलेले, पण विधान बिनचूक.

अशी लटकने गळ्यात घालणारे लोकच आपल्या देवाला नवरीच्या वेषात पाहून हसत होते का, हा प्रश्न उरतोच. थ्रिमचे कवन उशिराचे, ख्रिस्ती काळातले विडंबन आहे असे मानणारेही अभ्यासक आहेत. मला ते पुरेसे वाटत नाही. हसण्यालाही मर्यादा होत्या एवढे नक्की: धर्मांतराच्या आदल्या वर्षी, 999 मध्ये, ह्याल्टी स्केग्यासन याने आइसलंडच्या सभेत फ्रेयाला कुत्री म्हणणारे पद्य म्हटले आणि देवनिंदेबद्दल त्याला हद्दपार करण्यात आले. ह्याल्टी ख्रिस्ती होता, म्हणजे बाहेरचा होता. घरच्या माणसाने घरच्यांची थट्टा करणे आणि बाहेरच्याने तीच थट्टा करणे यांतला फरक त्या सभेला चांगला कळत असावा.

हातोडा अखेर पूर्णपणे चालतो तो राग्नारोकमध्ये, म्हणजे जगाच्या अंताच्या युद्धात. थॉर महासर्पाला ठार मारतो, नऊ पावले चालतो आणि सर्पाच्या विषाने पडतो. तिथे कोणी अडवत नाही, वाटाघाट नाही, हंडा नाही, म्हणूनच तिथे हसूही नाही.

मी वही पुन्हा उघडली तेव्हा सर्वप्रथम थॉरला घरी बसवले. बोकड लंगडा असल्याने रथ चालत नाही, आणि लंगड्या बोकडाच्या रथातून जाणे त्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, हे कारण त्याला स्वतःला पटले आहे. मोहिमेवर आता रॉस्क्वा एकटी निघाली आहे. स्नोरीच्या कथेत ती उटगार्डपर्यंत सगळ्यांबरोबर चालत जाते, पण तिथे तिला कोणीच काही विचारत नाही. लोकी खातो, थ्याल्फी धावतो, थॉर तीन वेळा हरतो आणि रॉस्क्वा बहुधा भिंतीशी उभी असते. माझ्या कथेत ती गढीच्या बंद फाटकाच्या गजांमधून अंग चोरून पुन्हा आत शिरते. तिला बोकडाच्या मापाचे एक मांडीचे हाड हवे आहे, कारण मेजवानीनंतर राक्षसांकडे हाडे उरत असणार असा तिचा हिशेब आहे. यजमान तिला विचारतो की तुला कोणती कला येते. ती विचारते की काल रात्री इथे कोण जेवले, आणि दालनाच्या कोपऱ्यातून लोगी ओठ पुसत पुढे येतो.